१२ टक्क्यांचा प्रश्न: सोयाबीनचा ओलावा, खरेदी केंद्र आणि घरातला ब्लूटूथ सेन्सर

स्मार्ट होमचे व्हिडिओ बघितले की एक ठरलेलं घर दिसतं. पुण्या-मुंबईतला फ्लॅट, आवाजावर चालणारे बल्ब, एसी आणि भिंतीवर तापमान-आर्द्रता दाखवणारा छोटा पांढरा सेन्सर. सेन्सर सांगतो 'आर्द्रता ६८ टक्के' आणि आपण म्हणतो, बरं, मग?

आमच्या धाराशिव जिल्ह्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अनेक घरांच्या पुढच्या खोलीत एसी नसतो, सोयाबीनची पोती असतात. आणि त्या पोत्यांसाठी आर्द्रतेचा आकडा म्हणजे सरळ पैसा असतो. म्हणून आज या सेन्सरकडे खरेदी केंद्राच्या बाजूने बघू.

हमीभावाने सोयाबीन घेताना ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो, हा निकष जुना आहे. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा खरेदी केंद्रांकडे. पण परतीच्या पावसाने माल ओला, आणि केंद्रावर मीटर १३-१४ दाखवला की ट्रॅक्टर परत. शेवटी १५ नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस राहिले असताना, केंद्र सरकारने १५ टक्क्यांपर्यंत ओलावा चालेल असं कळवलं. ही सवलत त्या हंगामापुरती होती, आणि १२ ते १५ टक्क्यांच्या मालामुळे होणारा जादा खर्च आणि तोटा राज्याने सोसायचा अशी अट होती. तोवर दिवाळी होऊन गेली होती. ज्यांना दिवाळीआधी पैसे लागणार होते, त्यांनी माल आडतीवर घालून टाकला होता.

पुढच्या हंगामात हमीभाव ५,३२८ रुपये झाला. पण सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टी झाली, भूम-परंड्याकडे पूर आला, उभं पीक पाण्यात गेलं. जे हाती लागलं ते ओलं. म्हणजे भाव वाढला तरी अडचण तीच.

तीन टक्के ओलाव्याची किंमत किती?

आधी साधं गणित करू. १५ टक्के ओलावा म्हणजे १०० किलो मालात १५ किलो पाणी आणि ८५ किलो कोरडा दाणा. हाच माल १२ टक्क्यांवर वाळवला तर वजन होतं ८५ भागिले ०.८८, म्हणजे ९६.६ किलो. कमी झालं ते फक्त ३.४ किलो पाणी. ४,८९२ च्या भावाने त्या पाण्याची किंमत सुमारे १६७ रुपये.

म्हणजे पाणी वजा करून १५ टक्के ओलाव्याच्या क्विंटलची न्याय्य किंमत ४,७२५ रुपयांच्या आसपास बसते. आता समजा तोच क्विंटल केंद्रावरून परत आला आणि बाहेर ४,२०० ला गेला. फरक ५२५ रुपये. २० क्विंटलला साडेदहा हजार. वर ट्रॅक्टरचं भाडं, हमाली आणि वाया गेलेला दिवस वेगळा.

माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. दाण्यातलं पाणी हळूहळू कमी-जास्त होतं, पण नियम पायरीसारखा आहे. १२ ला पूर्ण हमीभाव, त्याच्या वर गेलं की काहीच नाही. अशा पायरीवर मोजमापातली अर्ध्या टक्क्याची चूकसुद्धा माणसाला खाली पाडते. आणि मोजायचं यंत्र फक्त समोरच्या बाजूला असतं. आपल्याकडे असते दाताखाली दाणा चावून बघायची पद्धत. दाणा कट्कन फुटला की वाळला. अनुभवी माणसाला त्यातून बरंच कळतं, पण १२ की १३ हे दाताला कळत नाही.

घरचा स्वस्त सेन्सर इथे काही कामाचा आहे का? आहे, पण त्यासाठी आधी दोन वेगवेगळे 'टक्के' समजून घ्यावे लागतील.

फोनवरचा टक्का आणि दाण्यातला टक्का

फोनवर दिसतं ती सापेक्ष आर्द्रता. हवेत सध्या जितकी वाफ आहे, ती त्या तापमानाला मावणाऱ्या कमाल वाफेच्या किती टक्के आहे, एवढंच ती सांगते. २० अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. ३० अंशाला सुमारे ३० ग्रॅम.

सकाळी २० अंशाला आर्द्रता ७० टक्के असेल, तर हवेत १२ ग्रॅम पाणी आहे. दुपारी ३० अंश झाले आणि पाणी तेवढंच राहिलं, तर फोन दाखवणार ४० टक्के. हवेतून एक थेंबही गेलेला नाही, फक्त हवेची वाफ धरायची ताकद वाढली. त्यामुळे नुसता आर्द्रतेचा आकडा बघून 'हवा कोरडी झाली' म्हणणं अर्धवट आहे. तापमान सोबत वाचायला हवं. म्हणूनच हे सेन्सर दोन्ही मोजतात.

दाण्याचा १२ टक्के म्हणजे मात्र वजनातला वाटा: १०० किलोत १२ किलो पाणी. हा हवेचा टक्का नाही. खोलीतला सेन्सर ६० दाखवतो म्हणून सोयाबीन खराब, किंवा ४० दाखवतो म्हणून चांगलं, असं काही नसतं.

पण दोघांचं नातं आहे. बंद जागेत दाणा आणि त्याच्याभोवतीची हवा एकमेकांशी पाण्याची देवाणघेवाण करतात आणि काही तासांनी एका ठिकाणी स्थिरावतात. प्रत्येक धान्याचे असे तक्ते शेती-अभियांत्रिकीत तयार आहेत. सोयाबीनसाठी २५ अंशाच्या आसपास ढोबळ आकडे असे:

– हवेची आर्द्रता ६० टक्क्यांवर स्थिरावली, तर दाण्यात साधारण साडेदहा टक्के
– ६५ वर स्थिरावली, तर १२ च्या जवळ
– ७० वर, तर १३ च्या पुढे
– ७५ वर, तर १५ च्या आसपास

म्हणजे बंद बरणीत सोयाबीन आणि सेन्सर ठेवला, आणि आकडा ६५ च्या खाली स्थिरावला, तर माल १२ च्या आत असण्याची शक्यता चांगली आहे. ७० च्या वर असेल तर ट्रॅक्टर भरायची घाई करू नका.

आपल्याकडच्या जुन्या पिढीला याचीच एक पद्धत माहीत असते. कोरड्या काचेच्या बाटलीत धान्य आणि कोरडं मीठ घालून हलवायचं. मीठ ओलसर होऊन काचेला चिकटलं तर धान्य ओलं. विज्ञान तेच आहे: मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून ओलं होतं. वरच्या तक्त्यात ७५ समोर काय आहे बघा. मिठाची बाटली १५ टक्क्यांचा सेन्सर आहे. आपल्याला १२ चा हवा आहे, म्हणून इलेक्ट्रॉनिक्स.

कोणता सेन्सर घ्यायचा?

बहुतेक डिजिटल सेन्सरांच्या आत पॉलिमरचा एक पातळ थर असतो. तो हवेतली वाफ शोषतो, तशी त्याची कपॅसिटन्स बदलते, आणि चिप त्यावरून टक्के काढते. फरक पडतो तो अचूकतेत.

प्रोजेक्टवाल्या मुलांचा लाडका डीएचटी११ आर्द्रतेत अधिक-उणे ५ टक्के चुकू शकतो. वरच्या तक्त्याने बघा, ५ टक्के आर्द्रता म्हणजे दाण्यात जवळपास दीड टक्का. १२ च्या पायरीसाठी तो निरुपयोगी आहे. डीएचटी२२ किंवा सेन्सिरियन कंपनीच्या एसएचटी३१, एसएचटीसी३ सारख्या चिप साधारण अधिक-उणे २ टक्क्यांत असतात. म्हणजे दाण्यात अर्धा-पाऊण टक्का. हे चालण्यासारखं आहे. शाओमीचा छोटा चौकोनी ब्लूटूथ मीटर आणि तसे इतर काही शे रुपयांत मिळतात. घेताना डिझाइन बघण्याआधी अचूकता लिहिली आहे का ते बघा. लिहिलेलीच नसेल तर घेऊ नका.

वायरलेसचा प्रकारही महत्त्वाचा. वाय-फाय सेन्सरला बॅटरी जास्त लागते, आणि लाइट गेली की राउटर बंद, सेन्सर मुका. झिगबीला वेगळा हब लागतो. ब्लूटूथ लो एनर्जीवाला सेन्सर एका बटण सेलवर अनेक महिने चालतो, इंटरनेट लागत नाही, फोन जवळ नेला की आकडा मिळतो. भारनियमन असलेल्या गावात माझं मत ब्लूटूथला.

अॅपबद्दल दोन गोष्टी. अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथ डिव्हाइस शोधायला लोकेशनची परवानगी लागायची. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आली. त्यामुळे नवीन फोनवर नुसता आकडा वाचणाऱ्या अॅपने लोकेशन, कॉन्टॅक्ट्स किंवा मायक्रोफोन मागितला तर नाही म्हणा. दुसरं, शक्य असेल तर आकडे घरातच ठेवा. होम असिस्टंट हे मुक्त सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर चालतं आणि अनेक ब्लूटूथ सेन्सर क्लाउडशिवाय वाचतं. कोणत्या गावात किती माल कधी वाळला, याचा अंदाज देणारी माहिती ही व्यापाराच्या दृष्टीने किमती आहे. ती फुकटात दूरच्या सर्व्हरला द्यायची गरज नाही.

मोजायची रीत

पहिलं काम, सेन्सर तपासा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ पूर्ण विरघळू देऊ नका. ते झाकण आणि सेन्सर एकमेकांना न लागता घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा. डबा सावलीत, आठ ते बारा तास. २५-३० अंशाला आतली आर्द्रता ७५ टक्के व्हायला हवी. तुमचा सेन्सर ७८ दाखवत असेल तर तो सुमारे ३ ने जास्त दाखवतो, पुढे तेवढे वजा करा. प्रयोगशाळाही अशीच मिठाची द्रावणं वापरतात.

दुसरं, नमुना नीट घ्या. एकाच पोत्याच्या वरची ओंजळ घेऊ नका. पोत्याच्या मधून, तळातून, भिंतीकडच्या थप्पीतून थोडं थोडं घ्या आणि मिसळा. उन्हात तापलेला माल आधी सावलीत थंड होऊ द्या.

तिसरं, काचेची किंवा प्लास्टिकची बरणी पाऊण भरा, सेन्सर वर ठेवा, झाकण घट्ट लावा. घरातला स्टीलचा डबा इथे चालत नाही. धातू रेडिओ लहरी अडवतो, आत सेन्सर व्यवस्थित मोजत असतो पण फोनला काही ऐकू येत नाही. सेन्सर पोत्यात खोल खुपसला तरी तोच त्रास, कारण ब्लूटूथची २.४ गिगाहर्ट्झची लहर दाण्यातलं पाणी शोषून घेतं.

चौथं, थांबा. अर्ध्या तासाचा आकडा खोलीच्या हवेचा असतो. आलेख सपाट होईपर्यंत, म्हणजे किमान पाच-सहा तास, शक्यतो रात्रभर ठेवा. नुसता शेवटचा आकडा बघू नका, आलेख बघा. तो अजून चढत असेल तर उत्तर आलेलं नाही.

माल घरात असताना

वाळवलेला माल परत ओला होऊ शकतो, हे आपण विसरतो. इथे खऱ्या अर्थाने 'स्मार्ट होम' कामाला येतं. खोलीत एक सेन्सर, बाहेर सावलीत एक. आता प्रश्न: खिडकी उघडून पंखा लावावा का?

टक्के बघून ठरवलं तर फसाल. पहाटे बाहेर १८ अंश आणि ८५ टक्के, आत २६ अंश आणि ६० टक्के असेल, तर बाहेरची हवा दमट वाटते. पण घनमीटरला वाफ बाहेर सुमारे १३ ग्रॅम, आत सुमारे साडेचौदा ग्रॅम. उलट पावसाळी दुपारी बाहेर २९ अंश, ७० टक्के असेल तर वाफ २० ग्रॅमच्या आसपास. ती हवा थंड खोलीत घेतली की पोती ओलावा धरणार. तुलना करायची ती दवबिंदूची. हा आकडा अनेक अॅप आणि होम असिस्टंट काढून देतात. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तेव्हाच हवा आत घ्या. स्मार्ट प्लग असेल तर पंखा या अटीवर आपोआप चालू-बंद करता येतो, पण लाइटचा भरवसा नसेल तिथे फोनवर नुसती सूचना आली तरी पुरे.

पुढच्या पेरणीसाठी घरचं बियाणं ठेवणाऱ्यांना हे अजून महत्त्वाचं. सोयाबीनचं बी नाजूक असतं, आणि प्रमाणित बियाण्यासाठी उगवण किमान ७० टक्के लागते. बियाणे-शास्त्रात हॅरिंग्टनचा एक ढोबळ नियम आहे: बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की त्याचं साठवणीतलं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान पाच-सहा अंशांनी कमी झालं की पुन्हा दुप्पट. आपल्याकडचे एप्रिल-मे बघता, पत्र्याखालची खोली आणि जाड भिंतीची आतली खोली यांत बियाणं कुठे ठेवायचं, हे दोन सेन्सर आठवडाभर ठेवले की कळतं. उगवण चाचणी मात्र तरीही करायचीच. सेन्सरला कोंब फुटत नाही.

हा आकडा केंद्रावर चालेल का?

नाही. तुमच्या फोनवरचा आलेख दाखवून कोणी पावती देणार नाही, आणि ते एका अर्थी बरोबर आहे. घरगुती सेन्सर प्रमाणित मापन यंत्र नाही. बरणीची पद्धत अंदाज देते, तोही पाऊण टक्का इकडे-तिकडे. तुमचा आकडा ६५-६७ च्या आसपास अडकला असेल तर केंद्राचा मीटर ११.८ दाखवेल की १२.५, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून मी घरी ६२ च्या खाली आल्याशिवाय माल हलवू नका असं सांगतो. थोडं वजन जाईल, पण वर केलेल्या हिशोबात एका टक्क्याचं पाणी पन्नास-पंचावन्न रुपयांचं आहे, आणि परत आलेल्या क्विंटलचा फरक पाचशेचा.

पण केंद्रावरचा मीटर तरी काय करतो? तोही बहुधा कपॅसिटन्सच मोजतो, दाण्याची. पाणी विजेच्या क्षेत्राला कोरड्या दाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त प्रतिसाद देतं, त्यावरून तो ओलावा काढतो. त्यात पिकाची सेटिंग चुकीची असेल, नमुना गरम असेल, कप नीट भरला नसेल, किंवा मीटर बरेच दिवस तपासलेला नसेल, तर आकडा बदलतो. खात्रीची पद्धत म्हणजे दाणा ओव्हनमध्ये वाळवून वजनातला फरक मोजणं. मीटर त्याच्याशी जुळवून घ्यावा लागतो. धान्य आणि तेलबियांच्या ओलावा मीटरसाठी 'ओआयएमएल आर ५९' ही आंतरराष्ट्रीय शिफारसही आहे.

तराजूवर वैधमापनाचा शिक्का आहे का हे बघायची सवय आपल्याला लागली आहे. मॉइश्चर मीटर शेवटचा कधी तपासला, हे विचारायची सवय अजून नाही. खरं तर ५२५ रुपयांचा निर्णय त्यावर होतो.

माझ्या दृष्टीने मागण्या तीन आहेत आणि एकही महाग नाही. प्रत्येक केंद्रावर मीटरचा क्रमांक आणि तपासणीची तारीख फलकावर लावावी. माल नाकारला तर आकडा, नमुन्याचं तापमान आणि वेळ लिहिलेली पावती द्यावी, आणि शेतकऱ्यासमोर दुसरा नमुना घेऊन फेरमोजणी व्हावी. तिसरी मागणी धोरणाची: १२ ते १५ मध्ये माल नाकारण्याऐवजी पाण्याच्या वजनाएवढी कपात करून घ्यावा. २०२४ मध्ये सरकारने १५ टक्क्यांचा माल एका हंगामासाठी घेतलाच होता. तो निर्णय हंगाम सुरू होताना जाहीर झाला तर दिवाळीआधी कोणाला माल फुंकून टाकावा लागणार नाही.

हे होईपर्यंत घरी करता येईल ते करा. घरात फोनमधलं सगळं ज्याला कळतं तो बहुधा तुम्हीच असता. ट्रॅक्टर भरायच्या आदल्या रात्री एक काचेची बरणी भरा, सकाळी आलेख बघा, आणि स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. अण्णांना किंवा काकांना दाखवा, तेही दाणा चावून बघतील. दोन्ही जुळलं तर निघा. जुळलं नाही तर ताडपत्री अजून एक दिवस उन्हात पसरा.